साडेचार टक्क्यांत काय मिळते? सोलापुरातील एका बांधकाम व्यवस्थापन सेवेचे परीक्षण

सोलापुरात घर बांधायला काढणाऱ्याकडे साधारणतः तीन माणसे असतात: नकाशा काढणारा आर्किटेक्ट, लोखंडाचा आणि काँक्रीटचा हिशेब देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि काम उभे करणारा गुत्तेदार. या तिघांच्या मधली जागा घरमालक स्वतः भरून काढतो. एकाचा निरोप दुसऱ्याला देणे, खडीची गाडी आली तर ती खरोखर किती ब्रास भरली हे पाहणे, नकाशात एक आणि साइटवर दुसरेच दिसले तर कोणाला फोन करायचा ते ठरवणे, ही सगळी कामे तो सुट्टी काढून आणि बहुतेक वेळा अंदाजाने करत असतो. त्या जागेसाठी शुल्क देऊन चौथा माणूस नेमण्याची पद्धत कारखान्यांच्या आणि संस्थांच्या इमारतींत जुनीच आहे. राहत्या घरासाठी मात्र आपल्याकडे ती अजून नवखी आहे. जुळे सोलापुरात आम्ही दोघा भावंडांचे दुमजली घर बांधले, तेव्हा आराखड्यापासून ताब्यापर्यंतचे व्यवस्थापन अशाच एका स्थानिक फर्मकडे सोपवले. पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला ती मंडळी इथे नाहीत, म्हणून फर्मचे नाव लिहीत नाही. वाचणाऱ्याला उपयोग होणार आहे तो या सेवेत काय येते, काय येत नाही आणि पैसे कुठे वसूल होतात, हे कळण्याचा.

शुल्क बांधकाम खर्चाच्या साडेचार टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ठरले. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर आमचेच होते. त्यांच्या नकाशांचा मेळ घालणे, कामाचे परिमाणपत्रक (कोणते काम किती, याची यादी) तयार करणे, गुत्तेदारांकडून दर मागवणे, वेळापत्रक आखणे, साइटवर रोज अर्धा दिवस आणि काँक्रीटच्या दिवशी पूर्ण वेळ इंजिनिअर ठेवणे, चाचण्या करून घेणे, बिले तपासणे आणि शेवटी इमारत ताब्यात देणे, ही त्यांची कामे होती. महापालिकेचा परवाना आर्किटेक्टकडे होता. सिमेंट, लोखंड किंवा मजुरी यांचा एकही रुपया फर्मच्या हातून जाणार नाही, अशी अट त्यांनी स्वतःहूनच करारात घातली होती आणि ती शेवटपर्यंत पाळली. बिल तपासणाऱ्यानेच खरेदी केली, तर तपासणीला अर्थ राहत नाही. या एका अटीमुळे पुढच्या अनेक शंका मुळातच उरल्या नाहीत.

माझ्या मते या सेवेचा सर्वात मोलाचा भाग खोदाईला पहिली कुदळ लागण्यापूर्वीच संपतो. नकाशा जवळजवळ पक्का झाला होता आणि आम्ही भूमिपूजनाचा मुहूर्त पाहत होतो, तेव्हा फर्मने आमच्यापुढे एक लांबलचक निर्णयपत्रक ठेवले. ओट्याची उंची किती, वॉशिंग मशीन कुठे, सोलर हीटरची नळी कोणत्या भिंतीतून उतरणार, कोणते दार कोणत्या बाजूला उघडणार, इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवायचा की बाहेर, न्हाणीघराचा स्लॅब किती इंच खाली घ्यायचा, असे प्रश्न त्यात होते. घरातल्या मोठ्यांना हे अतीच वाटले. पायाचा पत्ता नाही आणि ओट्याची उंची कशाला, असा त्यांचा सूर होता. या प्रश्नांतली गोम पाण्याच्या टाकीपाशी उघड झाली.

सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको की उजनी धरण भरलेले असले तरी नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानेच येते, आणि त्यामुळे इथल्या घरात हौद ही चैन नसून गरज आहे. फर्मने घरातली आठ माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रचलित प्रमाण आणि पाच दिवसांचा खंड धरून ५,४०० लिटरांचा हिशेब मांडला. पाहुणे आणि उन्हाळा लक्षात घेऊन जमिनीखालचा हौद १०,००० लिटरांचा आणि वरची टाकी २,००० लिटरांची ठरली. वरच्या टाकीतल्या पाण्याचेच वजन दोन टन होते. आर्किटेक्टच्या नकाशात ती टाकी जिन्याच्या माथ्यावर होती. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या गणितात मात्र ती मागच्या कोपऱ्यात धरलेली होती, कारण त्याच्याकडे गेलेला नकाशा जुना होता. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहणारा कोणी नसता, तर हा घोळ टाकी चढवताना लक्षात आला असता, किंवा आलाच नसता. त्यानंतर प्रत्येक नकाशावर क्रमांक आणि सुधारणेची तारीख घालण्याची आणि जुनी प्रत साइटवरून परत घेण्याची शिस्त त्यांनी सर्वांना लावली. कामाला लागलेल्या मिस्त्रीकडे तीन वेगवेगळ्या तारखांचे नकाशे असणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

जमिनीच्या बाबतीतही असेच झाले. शहराच्या या भागात कुठे हातभर खाली मुरूम लागतो, तर शेजारच्याच प्लॉटवर काळी माती संपता संपत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. हलका पाया तिच्यावर ठेवला, तर दोन-चार वर्षांत भिंतींवर तिरप्या चिरा उमटतात. फर्मने चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी चाचणी खड्डे घेतले. पुढच्या बाजूला चार फुटांवर कठीण मुरूम मिळाला, मागच्या एका कोपऱ्यात मात्र तो आठ फुटांखाली होता. सगळी फुटिंगे (कॉलमांचे पाये) एकाच जातीच्या थरावर न्यायची आणि जोत्याच्या भरावात काळ्या मातीचे एक घमेलेही वापरायचे नाही, असे लेखी ठरले. खोदाईच्या दरपत्रकात माती, मुरूम आणि खडक यांना तीन वेगळे दर आधीच लिहून घेतले होते. हा तपशील लहान वाटतो, पण मुरूम संपून खडक कुठे सुरू झाला, या एका प्रश्नावरून सोलापुरात किती गुत्तेदार आणि मालक कायमचे दुरावले असतील, याची मोजदाद नसेल.

निविदेचा भाग मी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे चौरस फुटाचा एकच दर ठरवून काम देण्याची रीत आहे. ती सोपी आहे, मात्र त्या दरात खिडकीच्या ग्रिलचे वजन किती, पाइप कोणत्या दर्जाचा आणि कंपाउंडची भिंत धरलेली आहे की नाही, हे काहीच लिहिलेले नसते. फर्मने बाबनिहाय परिमाणपत्रक बनवून तीन गुत्तेदारांकडून दर मागवले. सर्वात स्वस्त दर देणाऱ्याने लोखंडकाम आणि वॉटरप्रूफिंग यांचे दर न परवडण्याइतके कमी लावले होते. पुढे तो ज्यादा कामाच्या नावाखाली वसुली करील, असा फर्मचा अंदाज होता, म्हणून आम्ही मधल्याला काम दिले. प्रत्येक चालू बिलातून ५ टक्के रक्कम राखून ठेवण्याची अट होती. लोखंडाचे वजन वजनकाट्याच्या पावतीवर न थांबता सळईच्या लांबीवरून पुन्हा काढले जाई. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र सेंट्रिंगवाल्यालाही पाठ असते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरली पाहिजे, आणि एका गाडीत ती तितकी भरली नाही, म्हणून ती गाडी परत गेली.

बांधकामाच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे फुटिंगपासून वरच्या स्लॅबपर्यंत, या सेवेने आपले शुल्क खऱ्या अर्थाने कमावले. साइट इंजिनिअर तरुण होता. त्याचा आवाज चढत नसे, पण तो हटतही नसे. कॉलमच्या रिंगांचे (उभ्या सळयांभोवतीच्या कड्यांचे) आकडे, म्हणजे टोके, ९० अंशांत वाकवून मोकळे होण्याची बार बेंडरांची जुनी सवय आहे. त्याने पहिल्याच दिवशी १३५ अंशांचा आकडा आणि पुढे शेपूट किती सोडायचे ते करून दाखवले आणि कॉलम-बीमच्या सांध्याजवळ रिंगा दाट घेतल्याशिवाय काँक्रीटला परवानगी दिली नाही. मुकादमाने नेहमीप्रमाणे ‘साहेब, सोलापुरात कुठं भूकंप होतोय?’ असे विचारले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झाले, हे सांगायला इथल्या माणसाला पुस्तक उघडावे लागत नाही. तो हादरा आपल्या शहरानेही अनुभवला आहे. त्या वेळी तो भाग देशाच्या नकाशात सर्वात सुरक्षित मानलेल्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो पहिला विभागच रद्द झाला, आणि २०१६ च्या भूकंप संहितेत सोलापूर तिसऱ्या विभागात आहे. तिसऱ्या विभागाला रिंगांचे हे नियम लागू होतात. मुकादमाने रिंगा बदलल्या, अर्थात कुरकुरतच.

स्लॅबच्या दिवशीची तयारी पाहण्यासारखी होती. तयार काँक्रीटच्या गाडीची चलनावरची वेळ, काँक्रीट किती पातळ किंवा घट्ट आहे ते पाहणारी स्लंपची चाचणी, व्हायब्रेटरची जादा सुई, पाऊस आला तर झाकायला प्लास्टिक आणि थांबावेच लागले तर सांधा कुठे सोडायचा, हे सगळे आदल्या दिवशी एका पानावर लिहिलेले असे. आमचा पहिला स्लॅब एप्रिलअखेर आला. सोलापूरच्या उन्हात दुपारी काँक्रीट ओतणे म्हणजे ते पसरण्याआधीच आवळू देणे. ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांच्या आत राहावे, असा संकेत आहे. म्हणून पहिली गाडी उजाडतानाच बोलावली आणि ऊन चढण्यापूर्वी काम आटोपले. बीमसह सुमारे २० घनमीटर काँक्रीट होते. तेवढ्याला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे तीन नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे १५० मिलिमीटरचे तीन ठोकळे २८ दिवसांच्या चाचणीसाठी. सात दिवसांच्या चाचणीसाठी वेगळे ठोकळे भरले. ते आमच्यादेखत भरले गेले, त्यांच्यावर तारीख घातली गेली आणि ते पाण्यात ठेवले गेले. ठोकळे वेगळे चांगले भरायचे आणि स्लॅबमध्ये वेगळेच ओतायचे, ही चलाखी त्यामुळे शक्य राहिली नाही.

एकदा खरोखरच निकाल कमी आला. वरच्या मजल्याच्या चार कॉलमांचे सात दिवसांचे ठोकळे एम २५ च्या (२८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन ताकदीच्या काँक्रीटच्या) मानाने अपेक्षेपेक्षा बरेच खाली होते. गुत्तेदाराचे म्हणणे होते की पीपीसी या मिश्र सिमेंटची ताकद सावकाश वाढते, २८ दिवसांनी बघू आणि तोवर पुढचा स्लॅब घेऊ. त्याच्या म्हणण्यातला पहिला भाग खरा होता. फर्मने दुसरा भाग मान्य केला नाही. २८ दिवसांचा निकाल हाती येईपर्यंत त्या कॉलमांवर भार चढवायचा नाही, त्यांना गोणपाट गुंडाळून पाणी चालू ठेवायचे, आणि तोवर खालच्या मजल्याचे वीटकाम पुढे घ्यायचे, असे त्यांनी वेळापत्रक फिरवले. २८ दिवसांचा निकाल प्रति चौरस मिलिमीटर २७ न्यूटनच्या पुढे आला आणि काम पुढे सरकले. निकाल चांगला आला, म्हणजे थांबणे वाया गेले, असे गुत्तेदार अजून म्हणतो. मला ते पटत नाही.

पाणी मारण्याचा प्रश्न सोलापुरात तांत्रिक कमी आणि व्यावहारिक जास्त आहे. कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस आणि मिश्र सिमेंट असल्यास १४ दिवस काँक्रीट ओले ठेवावे, असे संहिता सांगते. प्रत्यक्षात टँकर महाग पडतो आणि तिसऱ्या दिवशी स्लॅबवर पाणी साठवायला केलेले वाफे कोरडे पडलेले दिसतात. फर्मने बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. सळई घातलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते, आणि आमचे पाणी त्यात बसले. शेजारच्या साइटवर मचूळ पाणी सर्रास वापरले जात होते, ते पाहून या तपासणीचे महत्त्व जास्तच जाणवले. पाणी मारल्याची नोंदवही साइटवर लटकलेली असे आणि बिगाऱ्याला वेळेसह त्यात सही करावी लागे. वहीतली सही म्हणजे पाणी मारल्याचा पुरावा नव्हे, हे खरेच. पण इंजिनिअर अवेळी येऊन गोणपाटाला हात लावून पाहत असे, त्यामुळे वही बऱ्यापैकी खरी राहिली.

वीटकाम, गिलावा, वायरिंग आणि रंग यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. काम ठीक झाले, नळ्यांची दाबचाचणी गिलाव्याआधी झाली आणि भिंती बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीतल्या नळ्यांचे व वायरींचे फोटो काढून ठेवले गेले. त्या फोटोंचा उपयोग आम्हाला पडद्याची दांडी ठोकतानाही झाला.

आता तक्रारी. कामाच्या साधारण दोन-तृतीयांश टप्प्यावर फर्मने तो चांगला साइट इंजिनिअर होटगी रस्त्यावरच्या दुसऱ्या मोठ्या कामावर हलवला आणि त्याच्या जागी नवखा मुलगा पाठवला. करारात साइट इंजिनिअर असेल एवढेच लिहिले होते, कोण असेल ते नव्हते. त्याचा परिणाम लगेच दिसला. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची नळी थेट स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून उतरली. प्लंबिंगच्या नकाशात ती तिथेच होती, दर्शनी भागाच्या नकाशात ती नव्हतीच, आणि हे दोन कागद एकमेकांवर ठेवून पाहण्याचे काम, ज्यासाठी आम्ही या फर्मला नेमले होते, या वेळी कोणीच केले नाही. नळी हलवली गेली आणि खर्च गुत्तेदाराने सोसला. वास्तविक तो दोष गुत्तेदाराचा नव्हता. फर्मने या बाबतीत साधी लेखी कबुलीही दिली नाही, हे मला खर्चापेक्षा जास्त खटकले.

दुसरी तक्रार अहवालांची. महिन्याचा अहवाल नेमाने येई, पण तो इंग्रजीत आणि रंगीत पट्ट्यांच्या तक्त्यांनी भरलेला असे. पैसे देणारे आणि घरात राहणारे सगळे मराठी वाचणारे असताना हा हट्ट कशासाठी, असे विचारल्यावर सोबत एक मराठी पान येऊ लागले: काय झाले, काय राहिले, किती पैसे लागतील, तुम्ही काय ठरवायचे आहे. खरे सांगायचे तर त्या एका पानानंतर बाकीचा अहवाल आम्ही उघडून पाहिला नाही. वेळापत्रक मात्र वास्तवाला धरून असे. पावसाळा, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आणि विजापूर, गुलबर्गा भागातल्या गवंड्यांचे गावी जाणे त्यात आधीच धरलेले असल्यामुळे उशीर झाला तरी तो अचानक कोसळला नाही.

सेवा सर्वात उणी पडली ती शेवटच्या टप्प्यात, आणि घरमालकाला नेमका तोच टप्पा जन्मभर पुरतो. सुरुवात चांगली झाली होती. खोलीगणिक दोषांची यादी केली, न्हाणीघरांत आणि गच्चीवर पाणी कोंडून ४८ तास ओल तपासली, फरशीवर काठीने ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या फरश्यांवर खडूने खुणा केल्या, अर्थिंग मोजले. यादीतले मोठे दोष दुरुस्त झाले. त्यानंतर मात्र फर्मचा उत्साह ओसरला. प्रत्यक्ष बांधले तसे दाखवणारे अंतिम नकाशे, वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र, मोटार आणि टाकीच्या जोडणीची माहिती, चाचण्यांची फाइल, या गोष्टी वास्तुशांती होऊन गेल्यावरही तुकड्यातुकड्यांनी येत राहिल्या. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्यांच्या छापील कराराप्रमाणे ९५ टक्के शुल्क बांधकाम पूर्ण होताना देय होते आणि ताब्यासाठी फक्त ५ टक्के उरत होते. गुत्तेदाराची राखीव रक्कम आमच्या हातात होती, म्हणून तो हाक मारताच येत राहिला.

इथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. फ्लॅट विकणाऱ्या विकसकावर रेरा कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षे दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी घातली आहे. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधलेल्या घराला ते कवच नाही. तुमच्या गुत्तेदाराशी झालेल्या करारात जेवढे लिहिले असेल, तेवढेच तुमचे. आमच्या करारात १२ महिन्यांचा दोषदुरुस्ती काळ आहे आणि त्यात एक पूर्ण पावसाळा यावा, असा आग्रह फर्मनेच धरला होता. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

टक्केवारीच्या शुल्कात मूळचा एक दोष आहे. खर्च वाढला की शुल्क वाढते, मग खर्च आटोक्यात ठेवणाऱ्याला त्याचा लाभ काय? आमच्या फर्मने खर्च वाढवला, असे मी मुळीच म्हणत नाही. उलट लोखंडात आणि खोदाईत त्यांनी वाचवलेले पैसे शुल्काच्या बऱ्याच मोठ्या भागाइतके होतील. तरीही मंजूर अंदाजपत्रकावर ठोक रक्कम ठरवून घेणे दोघांच्याही हिताचे आहे.

एक मजल्याचे साधे घर असेल, मालक स्वतः गावात आणि मोकळा असेल, आणि आर्किटेक्ट साइटवर येणारा असेल, तर या सेवेची गरज नाही. चाचण्या आणि परिमाणपत्रक एवढ्यापुरता इंजिनिअर नेमला तरी पुरते. दोन किंवा अधिक मजले, काळ्या मातीचा प्लॉट, भावंडांचे सामाईक पैसे किंवा नोकरीमुळे बाहेरगावी असलेला मालक, यांपैकी काहीही असेल, तर मी ही सेवा घ्यायला सांगेन आणि पुन्हा गरज पडली तर याच फर्मकडे जाईन, पण त्यांच्या छापील करारावर सही न करता. साइट इंजिनिअरचे नाव आणि त्याला बदलण्यापूर्वी मालकाची संमती, शुल्काचा किमान पाचवा भाग कागदपत्रांसह ताब्यासाठी राखून ठेवणे, अहवाल मराठीत, आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी आर्किटेक्टला लागणारी कागदपत्रे पुरवण्याची जबाबदारी फर्मवर, एवढ्या चार दुरुस्त्या त्यात करून घ्याव्या लागतील. यांपैकी पहिल्या दोन दुरुस्त्यांना त्यांनी परवाच आमच्या एका नातेवाइकाच्या करारात होकार दिला आहे. तिसऱ्यावर अजून घासाघीस चालू आहे.